दहा वाजताचं गाऱ्हाणं

माझं पहिलं बाळंतपण पार्ल्याला, माहेरी झालं. मुलगी झाली. टाळूवर भरपूर जावळ होतं आणि रडण्याचा आवाज असा खणखणीत, की समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत येऊन हसायच्या. आईने डिंकाचे लाडू केले. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यांनी आलेखाच्या कागदावर नातीच्या वजनाचा तक्ता काढून भिंतीला चिकटवला. दर रविवारी तिला तराजूत ठेवायचे आणि तक्त्यावर एक ठिपका द्यायचे. ठिपके वर वर चढत होते.

मी मात्र रोज थोडी थोडी खाली जात होते. पहिले आठ दिवस वाटलं, थकवा असेल. मग अहळिवाची खीर खाता खाता एकदम रडू यायला लागलं. पोर झोपली तरी मला झोप येईना. तिच्याकडे बघितलं की वाटायचं, कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू आहे, तिचे लोक येऊन घेऊन जातील. हे कुणाला सांगायचं? आई म्हणायची, "पहिलटकरणीला होतं असं. चार पुस्तकं वाच, मन रमेल." मी पुस्तक उघडून बसायची आणि तासाभराने बघावं तर पान तेच असायचं.

अडीच महिन्यांनी मी दहिसरला सासरी आले. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. नदीच्या काठाला आमची बैठी चाळ होती, दहा खोल्यांची. पुढे सगळ्यांची मिळून एक लांब पडवी होती आणि मागे दहा पावलांवर नदी. तेव्हा त्या नदीला नदीसारखं पाणी होतं. बायका गोधड्या धुवायच्या आणि दगडांवर वाळत घालायच्या.

घरात आम्ही तिघंच होतो, मी, नवरा आणि सासूबाई. सासरे गिरणीत होते, ते माझ्या लग्नाच्या आधीच गेले. अंधेरीच्या ज्या कंपनीत मी टायपिस्ट होते तिथेच नवरा स्टोअर्समध्ये होता. आमचं लग्न आम्ही ठरवलेलं. बाबांनी जातपात, पत्रिका काही विचारलं नाही. फक्त एवढं म्हणाले, "माणसं वेगळी आहेत गं, जुळवून घ्यावं लागेल."

माणसं वेगळी होती हे खरं. सासूबाई मालवणकडच्या. ठेंगण्या, नऊवारी नेसायच्या, सकाळी मशेरी लावायच्या आणि बोलायच्या असं की नवख्याला वाटावं भांडतायत. मुंबईत येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती, पण बोलणं गावातून हललं नव्हतं. लाज वाटते पण सांगते, माझ्या पार्ल्याच्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा सासूबाईंनी फार बोलू नये असं मला वाटायचं. त्यांनाही ते कळत असणार. मैत्रिणी आल्या की त्या चहा ठेवून शेजारी निघून जायच्या.

दहिसरला आल्यावर माझं दुखणं वाढलं. आता डोक्यात विचार यायला लागले. मी ते कधी बोलावले नव्हते. पोरीला घेऊन मागच्या दारात उभी राहिले की नदी दिसायची आणि हात सैल पडतायत असं वाटायचं. उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवताना ती पाळण्यात असली तरी मी ओरडायची, "तिला लांब न्या!" पाळणा मुळात चार हात लांब होता. नवरा घाबरून माझ्याकडे बघायचा. "अगं, काय झालं? झोपली आहे ती." मी म्हणायची, काही नाही. त्याला काय सांगणार होते? माझ्यापासून लांब न्या असं मला म्हणायचं होतं.

एका दुपारी सासूबाई विळीवर बांगडे कापत बसल्या होत्या. मी शेजारी पोरीला मांडीवर घेऊन होते. माझं लक्ष विळीच्या पात्याकडे गेलं आणि तो विचार सरळ, स्पष्ट आला. मी पोरीला तशीच फरशीवर ठेवली, खाली काही अंथरलंही नाही, आणि मागच्या दाराने बाहेर पडले. गोधड्यांच्या दगडावर जाऊन बसले. मागे पोर रडत होती, मग थांबली.

थोड्या वेळाने सासूबाई आल्या. हाताला माशाचा वास, पोर खांद्यावर झोपलेली. माझ्या शेजारच्या दगडावर बसल्या. मग नेहमीच्या आवाजात, वाण्याकडे साखर आली का विचारावं तसं त्यांनी विचारलं, "चेडवाक कायतरी करशीत असा वाटता तुका?"

चेडू म्हणजे मुलगी. मी होय म्हणून मान हलवली आणि मग इतकी रडले की पलीकडच्या काठावर धुणं धुणारी बाई थांबून बघायला लागली.

"रडा नको," सासूबाई म्हणाल्या. "माकाव वाटलेला."

"तुम्हाला?"

"थोरल्याच्या येळेक. गावाक. बावीर जावक भय वाटायचा. कळशी सोडताना वाटायचा, आता पोराक टाकतलंय."

बाव म्हणजे विहीर. मी विचारलं, "मग?"

"मगे काय? टाकूक नाय. तोच आता तुझो घोव. डबो घेवन कामाक गेलोहा."

घोव म्हणजे नवरा. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले. रडता रडताच हसले, नाक वाहत होतं, पदर ओला झाला होता. सासूबाई नाही हसल्या. त्यांनी मला पुढचं सांगितलं. त्यांच्या सासूने तेव्हा भगताला आणलं होतं. भगताने दार लावून मिरच्यांची धुरी दिली, केस धरून विचारलं, कोण आहेस तू बोल. त्या धुराने त्यांचे डोळे आठ दिवस सुजले होते. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. गावच्या देवळाशी एक म्हातारी विधवा राहायची, तिनेच ओळखलं. ती दुपारी त्यांना बोलवायची, पोराला आपल्या मांडीवर घ्यायची आणि त्यांना देवासमोर थंड फरशीवर बसवायची. बोलायची नाही. असे बरेच महिने गेले.

"तुका धुरी नाय," सासूबाई म्हणाल्या. "तुका आपण डॉक्टरकडे न्हेवया."

दुसऱ्या दिवशी आम्ही बोरिवलीच्या एका बाईडॉक्टरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझं ऐकलं. म्हणाल्या, "विचार आला म्हणजे तू तसं करणार असं नाही. उलट तू इतकी घाबरतेस, यातच कळतं की तुला ती हवी आहे." मग त्यांनी चिठ्ठी देऊन अंधेरीच्या एका मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मनाचे डॉक्टर म्हटल्यावर मी दारातच अडले. वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलेली सून असं चाळीत पसरलं असतं तर? सासूबाईंनी तेही सोडवलं. शेजारीण विचारायला आली, "खंय चाललात दोघी?" तर म्हणाल्या, "चेडवाक सुई टोचूची हा." त्या वर्षी आमच्या पोरीला चाळीच्या हिशेबाने इतक्या सुया टोचल्या गेल्या, की शेजारणीने एकदा काळजीने विचारलं, पोरीला आहे तरी काय?

गोळ्या सुरू झाल्या. झोप यायला लागली. पण दिवसाचे दहा-बारा तास उरायचे आणि त्यात भीती माझ्या मागे मागे फिरायची. तेव्हा सासूबाईंनी त्यांचं दहा वाजताचं बसणं मला शिकवलं. शिकवलं म्हणायचं तरी काय, बाजूला जागा करून दिली.

आमच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात लाकडी फळीवर त्यांचा देव होता. गावच्या देवाची एक तसबीर, पुढे नारळ आणि एक पितळी समई. नवरा कामावर गेला, पाणी भरून झालं, पोरीला न्हाऊमाखू घालून निजवलं, की दहाच्या सुमाराला सासूबाई पुढचं दार लावायच्या आणि फळीसमोर बसायच्या. चाळीत दिवसाढवळ्या दार लावणं म्हणजे मोठी गोष्ट. सगळ्यांची दारं रात्री निजेपर्यंत उघडीच असायची. मी बसू लागल्यावर दुसऱ्याच दिवशी पडवीत चर्चा झाली, सासू-सून दार लावून करतात काय? कुणी म्हणालं भांडतात, कुणी म्हणालं चोरून कोंबडी खातात.

आत आधी त्या गाऱ्हाणं घालायच्या. कोकणात देवाला सांगायची ही रीत आहे. मोठ्याने, जत्रेतल्यासारखं, आणि ऐकणाऱ्याने मधे मधे "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पहिल्या दिवशी त्यांनी हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही माझी सून पारल्यासून इलीहा. शिकलेली आसा. हिच्या डोक्यात जा काय वंगाळ इलाहा, ता भायर काढ. चेडवाक सांभाळ, हिकाव सांभाळ. मी सांगूचा ता सांगलंय. आता तू बघ."

आणि माझ्याकडे पाहिलं. मी "व्हय म्हाराजा" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मला ते खेडवळ वाटलं, आणि खोटंही. बाबांच्या घरात देव नव्हता. मी लहानपणापासून अभिमानाने सांगत आले होते की आमच्याकडे देव्हारा नाही.

"आई," मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल, पण मी देव मानत नाही."

"नको मानू," त्या म्हणाल्या. "तुका तो नको तर नको. त्येका तू व्हयी आसस."

त्याला तू हवी आहेस. एवढं बोलून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसल्या. जप नाही, माळ नाही. डोळेसुद्धा कधी मिटलेले, कधी उघडे. वीसेक मिनिटं. मीही बसले, कारण उठून जाणार कुठे? पहिल्या दिवशी मी मांडणीवरची ताटं मोजली. दुसऱ्या दिवशी पाय आखडला. तिसऱ्या दिवशी भीती येऊन समोर बसली आणि मी उठायला लागले, तर सासूबाईंनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बांगड्या वाजल्या तेवढाच आवाज. "येवंदे," त्या हळूच म्हणाल्या. "इली तशी जातली."

आली तशी जाईल. ती लगेच काही गेली नाही. पण मी पळाले नाही आणि ती बसून बसून जरा लहान झाली, एवढं मला कळलं.

मी एकदा विचारलं, "गाऱ्हाणं झाल्यावर मग एवढं गप्प का बसायचं?"

"आपणच बडबडत ऱ्हवला तर देवान बोलाचा कधी?"

"मग बोलतो का तो?"

त्यांनी विचार केला. मला वाटलं आता काहीतरी चमत्कार सांगतील. त्या म्हणाल्या, "नाय बा. पण आयकता."

कितव्या दिवशी ते आठवत नाही, पण एकदा त्यांचं गाऱ्हाणं संपत आलं, "आता तू बघ" झालं आणि माझ्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं. मी मनाशी ठरवलेलं काही नव्हतं. मला तेव्हा देव पटला, असंही सांगता यायचं नाही. एवढंच झालं की तीन-चार महिने मी रात्रंदिवस पहारा देत होते, स्वतःवरच, स्वतःच्या हातांवर. आणि त्या दोन शब्दांबरोबर कुणीतरी म्हणालं, जा, तू जरा बस, आता पहारा मी देतो. माझे खांदे खाली आले. खांदे इतके वर चढवून मी जगत होते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सासूबाईंनी वळून बघितलं नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्या आवडीची सोलकढी केली, तीही अशी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं.

मधे एकदा सगळं परत बिघडलं. मला बरं वाटायला लागलं म्हणून मी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. वाटलं, आता बसणं आहे, देव आहे, गोळ्या कशाला? आठ दिवसांत झोप गेली आणि मी परत त्या मागच्या दगडावर. सासूबाई त्या दिवशी मात्र खरंच भांडल्या. "देवान डॉक्टर कित्याक केल्यान? गोळी खा आणि मगे बस!" गोळीचं पान आणि पाण्याचा तांब्या त्यांनी माझ्यासमोर आदळला. पुढचे कितीतरी महिने त्या स्वतः गोळी हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

एका शनिवारी बाबा अचानक आले. शाळेला सुट्टी होती आणि वजनाचा तक्ता पुढे न्यायचा होता. दार लावलेलं बघून त्यांनी कडी वाजवली. सासूबाईंनी उघडलं. मी फळीसमोर मांडी घालून बसलेली, समई लावलेली. बाबांचा चेहरा उतरला. मला आजही तो दिसतो. त्यांनी चपला काढल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि विचारलं, "हे काय चाललंय?"

सासूबाईच म्हणाल्या, "व्याह्यांनू, बसा. पोरगी आजारी हा. तुमका सांगूक भियाली."

मग मी सगळं सांगितलं. विळीचं, नदीचं, डॉक्टरांचं. बाबा कुणी रागावलेल्या विद्यार्थ्यासारखे खाली बघत बसले होते. शेवटी त्यांनी गोळ्यांचं पान मागितलं, खिशातून भिंग काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचली, एका कागदावर नाव उतरवून घेतलं.

"बसल्याने बरं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती वेळ बसता?"

"वीस मिनिटं."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "मला हे पटत नाही," ते म्हणाले. "पण तुझं वजन किती कमी झालंय ते मी बघितलं नाही. पोरीचंच मोजत राहिलो." मग घसा साफ करून म्हणाले, "बस तू. तुमची वेळ मोडली मी." आणि त्यांनी पोरीला उचललं, पडवीत गेले आणि बाहेरून दार ओढून घेतलं. आत आम्हाला त्यांचा आवाज येत होता. ते शेजारणीला सांगत होते, "आत जरा काम चाललंय त्यांचं."

बरं व्हायला वर्ष लागलं. अमुक दिवशी बरी झाले असं सांगता येत नाही. एकदा भाकरी थापताना लक्षात आलं की पोर माझ्या पाठीशी लोळतेय, चूल धगधगतेय आणि मी कसलीतरी भाजी आणायची राहिली याचा विचार करतेय. दोन तासांत भीती एकदाही आलेली नव्हती. मी हात धुतले, तिला उचलून घेतलं आणि तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं. पावडर आणि आंबट दूध. त्या दिवशी ती मला माझी वाटली.

सासूबाईंशी माझं पुढेही भांडण व्हायचं, मिठावरून, पोरीला काजळ घालण्यावरून. त्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चाळीच्या जागी इमारत उभी आहे, नदीला भिंत बांधली आहे. देवाबद्दल मला अजून फारसं कळत नाही. बाबा विचारायचे तसं कुणी विचारलं तर मी पुराव्याने काही सांगू शकणार नाही. कुठलाही कठीण दिवस आला की मी बसते, सांगायचं ते मालवणीतच सांगते आणि शेवटी 'व्हय म्हाराजा' म्हणते. माझी मालवणी अजूनही चुकते.

त्या वर्षाच्या शेवटी, मी बरी होत आले तेव्हा, बाळंतपणाची रजा कधीच संपून गेली होती. कंपनीने बिनपगारी वाढवून दिली होती, तीही संपत आली. मी नवऱ्याला म्हटलं, राजीनामा देते. सासूबाईंनी ते पाण्याच्या हंड्यापाशी ऐकलं. "कित्याक? मी काय मेलंय?" त्या म्हणाल्या. "चेडवाक मी बघतंय. तू कामाक जा. घरात दोघी बसलो तर दोघीव खुळावतलो."

सोमवारी मी गेले. लग्नातली निळी साडी नेसले, तिचं पोलकं अजून अंगाला सैल होत होतं. सासूबाईंनी डब्यात घावणे आणि खोबऱ्याची चटणी दिली, इतकी की सगळ्या टायपिंग सेक्शनला पुरावी. नवरा पुढे झाला. मी पडवीच्या टोकाशी जाऊन वळून बघितलं. पोर रडेल असं मला वाटलं होतं, निदान सासूबाई हात तरी हलवतील. पण पोर त्यांच्या कमरेवर बसून त्यांच्या गळ्यातली पोत चघळत होती आणि सासूबाई शेजारणीला ओरडून सांगत होत्या, नळ बंद कर, हंडा भरून वाहतोय.